प्रेरणा आधी की जमू लागणे आधी?

शोधयात्री

एखादा विद्यार्थी अभ्यास करत नाही म्हटले की आपण सगळे प्रथम त्याच्या इच्छेकडे बोट दाखवतो. 'त्याला आवडच नाही', 'तिचे लक्षच लागत नाही', 'आधी ध्येय ठरवायला हवे' ही वाक्ये घरात आणि शिक्षककक्षात सारखीच ऐकू येतात. त्यांच्यामागे एक गृहीतक असते: आधी प्रेरणा, मग प्रयत्न आणि शेवटी यश. म्हणून आपण भाषणे देतो, बक्षिसे लावतो, भविष्याची भीती घालतो आणि इतके केल्यावर शिकणे आपोआप सुरू होईल, अशी वाट पाहत बसतो.

माझे मत असे, की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. गोष्ट थोडी जमू लागते, जमते आहे हे स्वतःला दिसते आणि मग ती आवडू लागते. कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या प्राथमिक शाळेतील मुलांचा एक दीर्घकालीन अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची गणिताची आवड आणि गणितातली कामगिरी या दोन्ही गोष्टी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजल्या होत्या. आधीच्या कामगिरीवरून नंतरच्या आवडीचा अंदाज बांधता आला. आधीच्या आवडीवरून नंतरच्या कामगिरीचा मात्र बांधता आला नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्या विश्वासाचे चार स्रोत सांगितले होते: स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला यशस्वी होताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि आपल्या शरीराची व मनाची त्या वेळची अवस्था. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत प्रबळ, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण मात्र बहुतेक वेळ तिसऱ्यावरच खर्च करतो.

तर माझे प्रश्न असे, की ज्याला एखाद्या विषयात काहीच जमत नाही त्याला ते पहिले यश कसे मिळवून द्यावे, आणि बक्षिसांना त्यात काही स्थान आहे का? ज्यांनी शिकवले आहे, ज्यांची मुले शिकत आहेत आणि जे स्वतः शिकत आहेत, त्या सर्वांनी लिहावे.

निरंजना

बक्षिसांविषयी लिहिते. माझ्या भाचीच्या वर्गात वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे भिंतीवरच्या तक्त्यात एक चांदणी चिकटवत असत. महिनाभरात तिच्या चांदण्या भरपूर वाढल्या, पण ती ग्रंथालयात कपाटापुढे उभी राहून पुस्तके उघडून न पाहता त्यांची जाडी पाहू लागली. पूर्वी जे जाड पुस्तक ती रात्री उशाशी ठेवून झोपत असे, ते तसेच अर्धवट राहिले. तिचे वागणे तक्त्याच्या नियमांनुसार अगदी योग्य होते, हेच मला जास्त लागले.

तर्कसंगत

@निरंजना, तुम्ही सांगितलेल्या घटनेत दोष बक्षिसाचा आहे की बक्षीस कशासाठी दिले याचा, हे वेगळे करायला हवे. वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे साधे म्हणणे असे, की ज्या वर्तनानंतर अनुकूल परिणाम मिळतो ते वर्तन वाढते. तक्त्याने पुस्तके संपवण्याला प्रबलन, म्हणजे असा अनुकूल परिणाम, दिले आणि पुस्तके संपवणे वाढले. सिद्धांत इथे चुकला नाही. समजून वाचणे हवे होते, तर प्रबलन त्याला द्यायला हवे होते.

बक्षिसांविरुद्ध नेहमी दिला जाणारा दाखला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगाचा आहे. ज्या लहान मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, अशांचे तीन गट केले. एका गटाला चित्र काढण्याबद्दल मानपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला ते अनपेक्षितपणे दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रे काढत होती. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहेच, परंतु तो ज्यांना आधीपासून आवड होती त्यांच्याविषयी आहे. ज्याला वहीच उघडावीशी वाटत नाही, त्याची कोणती आवड बक्षिसाने कमी होणार आहे? १९९४ साली कॅमरन आणि पिअर्स यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून, बक्षिसांमुळे आंतरिक प्रेरणा, म्हणजे काम आवडते म्हणूनच ते करण्याची इच्छा, सरसकट घटते हा समज टिकत नाही, असे दाखवले होते. शोधयात्री यांच्याच भाषेत सांगायचे तर, पहिल्या यशापर्यंत पोचवण्यासाठी बक्षीस हा एक चांगला पूल आहे.

ऋतुरंग

कॅमरन आणि पिअर्स यांच्या विश्लेषणावर पुढे बराच वाद झाला, त्याचाही उल्लेख व्हायला हवा. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात वस्तुरूप आणि आधी जाहीर केलेल्या बक्षिसांनी, काम मुळात रंजक असेल तर, आंतरिक प्रेरणा कमी होते, असे स्पष्ट आढळले. अनपेक्षित बक्षिसांनी तसे झाले नाही आणि कंटाळवाण्या कामांतही तसे झाले नाही. म्हणजे तर्कसंगत यांचे कंटाळवाण्या कामाविषयीचे म्हणणे या विश्लेषणातही टिकते. पण त्यातच एक बारकावा आहे, जो पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असे मला वाटते: वस्तुरूप बक्षिसांचा अपाय महाविद्यालयीन तरुणांपेक्षा लहान मुलांत अधिक दिसला आणि शाब्दिक कौतुकाचा लाभ तरुणांत दिसला तितका लहान मुलांत दिसला नाही. आपण नेमके लहानांनाच जास्त बक्षिसे लावतो.

सायली_प

उत्तम धागा. वाचते आहे.

वर्गातली_मी

पहिले यश कसे मिळवून द्यावे, या प्रश्नावर वर्गातला एक प्रसंग लिहिते. अपूर्णांकांच्या बेरजेत एक मुलगा १/२ + १/३ = २/५ असे लिहीत असे. अंशात अंश, छेदात छेद. त्याला समच्छेदाचा नियम अनेकदा सांगून झाला होता. तो मान डोलावत असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २/५ येत असे. एकदा त्याला नियम न सांगता मी फक्त एवढेच विचारले, की २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? त्याने कागदाच्या पट्टीचे पाच भाग केले, दोन रंगवले, शेजारी अर्धी रंगवलेली पट्टी ठेवली आणि म्हणाला, "लहान." मग बराच वेळ तो काही बोलला नाही. अर्ध्यात आणखी काही मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून लहान आले, हे त्याचे त्यालाच पटेना. त्याने स्वतः दोन्ही पट्ट्यांचे सहा-सहा भाग करून पाहिले. ५/६ आल्यावर मला न विचारता तो पुढच्या उदाहरणाकडे वळला.

मी त्या दिवशी त्याला शाबासकीसुद्धा दिली नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. उत्तर बरोबर आहे हे सांगायला त्याला माझी आवश्यकता उरली नव्हती. यश म्हणजे गुण किंवा बरोबरची खूण एवढेच धरले, तर सोपी उदाहरणे देऊन ते कितीही वाटता येते. मला वाटते, ज्या यशाचे कारण मुलाला स्वतःला दिसते, तेच पुढच्या प्रयत्नाला बळ देते.

तर्कसंगत

@वर्गातली_मी, प्रसंग सुंदर आहे आणि तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे. तरीही मूळ मतावर माझा एक आक्षेप आहे. क्युबेकमधील एका अभ्यासावरून 'आधी यश, मग आवड' असा सर्वसाधारण क्रम ठरवणे घाईचे होईल. ती प्राथमिक इयत्तांतली मुले होती आणि विषय गणित होता. हर्बर्ट मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची शैक्षणिक आत्मप्रतिमा (अभ्यासात आपण कसे आहोत याविषयीचे स्वतःचे मत) आणि यश यांच्या संबंधावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि त्यातून निघणारे चित्र दुतर्फा परिणामाचे आहे. यशाने आत्मप्रतिमा सुधारते आणि सुधारलेली आत्मप्रतिमा पुढच्या यशाला हातभार लावते. आत्मप्रतिमा आणि आवड या एकच गोष्टी नव्हेत, हे मान्य. पण चक्र फिरते आहे, एवढे तरी त्यावरून दिसते.

शोधयात्री

@तर्कसंगत, चक्र आहे हे मान्य करतो. माझा मुद्दा चक्रात हात कुठे घालावा याविषयीचा आहे. दुसऱ्याच्या मनातली आवड मला थेट बदलता येत नाही. उदाहरणांचा क्रम, त्यांची काठिण्यपातळी आणि मदत कधी द्यायची हे मात्र माझ्या हातात आहे.

मानसी_वाचक

इथे मला एक गंभीर अडचण दिसते, म्हणून सविस्तर लिहिते. कॅरोल ड्वेक यांचा १९७५ चा प्रयोग लहान होता, अवघ्या १२ मुलांवर केलेला, पण या चर्चेला तो नेमका लागू पडतो. अपयश आले की पूर्णपणे हातपाय गाळणारी मुले त्यासाठी निवडली होती. निम्म्या मुलांना बराच काळ फक्त यश मिळेल अशीच गणिते दिली. उरलेल्या निम्म्यांना मधूनमधून अपयश येऊ दिले आणि ते आले की प्रयत्न कमी पडला, असे समजावून सांगितले. नंतर दोन्ही गटांसमोर अपयश उभे केले. ज्यांना फक्त यश मिळाले होते ती मुले पूर्वीसारखीच कोलमडली, दुसऱ्या गटातली मात्र टिकून राहिली आणि काहींची कामगिरी सुधारलीसुद्धा.

तेव्हा शोधयात्री यांचे 'आधी यश' हे सूत्र जसेच्या तसे पुरत नाही. यश कितीही मिळाले, तरी अपयशाचा अर्थ मूल कसा लावते हा प्रश्न उरतोच. बर्नार्ड वायनर यांनी याचाच सिद्धांत केला: कारण आपल्यात आहे की बाहेर, कायमचे आहे की बदलणारे, आणि आपल्या ताब्यातले आहे की नाही. 'मला गणिताचे डोकेच नाही' या वाक्यात कारण आतले आहे, कायमचे आहे आणि ताब्याबाहेरचे आहे. इतक्या वाईट तिन्ही गोष्टी एका वाक्यात एकत्र आल्यावर मुलाने प्रयत्न का करावा? सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून जी असहायता दाखवली होती, तिचा गाभाही हाच होता. विजेचा धक्का थांबवणे ज्यांच्या हाती नव्हते, ते प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही निपचित पडून राहिले. याच दोघांनी २०१६ मध्ये आपला सिद्धांत बदलला, हे फारसे सांगितले जात नाही. निष्क्रियता ही दीर्घ त्रासाला शरीराची मूळ प्रतिक्रिया असते आणि परिस्थिती आपल्या ताब्यात आहे हेच शिकावे लागते, असे त्यांनी मेंदूवरील संशोधनाच्या आधारे म्हटले. शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मुलाने चुकीचे काही शिकले आहे आणि ते पुसायचे आहे, असे मानण्याऐवजी नियंत्रणाचा अनुभव त्याला प्रथमच द्यायचा आहे, असे आपण मानू लागतो.

निरंजना

मग प्रयत्नांचे कौतुक करावे, हुशारीचे करू नये, असे जे सांगतात ते याच संशोधनातून आले का?

मानसी_वाचक

हो, त्याच वाटेवरचे ते पुढचे काम. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, 'तू हुशार आहेस' असे ऐकलेल्या मुलांनी नंतर सोपी कामे निवडली, अवघड कोड्यांनंतर त्यांची कामगिरी घसरली आणि आपले गुण इतरांना कळवताना त्यांनी ते अधिक वेळा वाढवून सांगितले. मात्र यावरून बुद्धी वाढवता येते अशी शिकवण देण्याचे जे कार्यक्रम निघाले, त्यांचा परिणाम माफक आहे. २०१९ साली अमेरिकेत सुमारे १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात कमी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चार गुणांच्या श्रेणीत सरासरी ०.१ गुणाची वाढ झाली. एका छोट्या ऑनलाइन उपक्रमाला इतके यश मिळणे कमी नाही, पण त्याने चमत्कार होतो असेही नाही. दुसरे असे, की चुकीच्या पद्धतीने मरमर मेहनत करणाऱ्या मुलाला 'आणखी प्रयत्न कर' हे सांगणे क्रूर आहे. पद्धत बदलून द्यायला हवी.

पडघम

थोडे अवांतर, पण संबंध आहे. टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० मध्ये उंदरांना एका चक्रव्यूहात सोडले. एका गटाला शेवटी रोज अन्न मिळे, एका गटाला कधीच मिळत नसे आणि तिसऱ्याला अकराव्या दिवसापासून मिळू लागले. बाराव्या दिवशी या तिसऱ्या गटाच्या चुका एकदम कमी झाल्या आणि रोज अन्न मिळणाऱ्या गटाशी त्याने बरोबरी साधली. म्हणजे अन्न नसतानाही ते उंदीर वाटा शिकतच होते, फक्त ते दाखवण्याचे कारण त्यांना नव्हते. बक्षिसाने शिकणे वाढते की शिकलेले दाखवणे वाढते, हा प्रश्न तेव्हापासून आहे. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला काही येत नाही असे मी म्हणूनच पटकन धरून चालत नाही.

अभ्यासू

मी स्वतः विद्यार्थी आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. वरच्या चर्चेत विद्यार्थ्याला काय द्यावे यावर सर्वांनी लिहिले, पण त्याला काय ठरवू द्यावे यावर कोणीच लिहिले नाही. डेसी आणि रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतात तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत: स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपुलकीचे नाते. इथे सारी चर्चा दुसऱ्या गरजेवरच झाली. मला रसायनशास्त्र जमत होते, गुणही चांगले होते, तरी ते आवडत नव्हते, कारण कोणता धडा, कोणत्या क्रमाने, कोणत्या वहीत आणि किती वेळ, यांतले काहीच माझे नव्हते. पुढे एका शिक्षिकांनी प्रकल्पाचा विषय आम्हालाच निवडायला सांगितला आणि मी पाण्याच्या कठीणपणावर काम केले. ज्या समीकरणांचा मला कंटाळा येई, तीच मी तेव्हा आपणहून शोधून वाचली.

शोधयात्री

@अभ्यासू, हा प्रतिसाद फार मोलाचा आहे. जमणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, हे तुमच्या उदाहरणाने स्पष्ट झाले.

ऋतुरंग

त्याला जोडून सांगते. हलमन आणि हराकिविच यांनी २००९ मध्ये शालेय विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना, वर्गात शिकलेल्या गोष्टीचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे, हे स्वतः लिहायला सांगितले. आपल्याला यश मिळेल अशी ज्यांची अपेक्षाच कमी होती, त्यांची आवड आणि गुण दोन्ही वाढले. ते उपयोग शिक्षकांनी सांगितलेले नव्हते, विद्यार्थ्यांनी स्वतः शोधलेले होते, आणि परिणामाचे मर्म त्यातच असावे असे मला वाटते.

सायली_प

प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते, कोणी पाहून शिकते, कोणी ऐकून. त्या शैलीनुसार शिकवले तर पहिले यश लवकर मिळणार नाही का?

तर्कसंगत

@सायली_प, ही कल्पना फार लोकप्रिय आहे, पण तिला आधार मिळालेला नाही. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले. विद्यार्थ्याच्या शैलीशी जुळणाऱ्या पद्धतीने शिकवल्यास तो अधिक शिकतो, हे सिद्ध करण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. फरक पडतो तो आधी काय येते याने. नवशिक्याला पूर्ण सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, तर तो नुसती उदाहरणे सोडवत बसण्यापेक्षा लवकर शिकतो, हे स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवले. ज्ञान वाढले की मात्र हीच मदत अडथळा ठरू लागते आणि ती काढून घ्यावी लागते. शोधयात्री यांच्या 'पहिले यश कसे' या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर मला इथे दिसते.

वर्गातली_मी

सोडवलेल्या उदाहरणांबाबत सहमत आहे, पण एक सावधगिरी हवी. सोडवलेले उदाहरण वाचताना 'मला हे आले' असे वाटते आणि ते वाटणे फसवे असू शकते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर इतरांनी एकदा वाचून नंतर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने तेच आकडे ४२ आणि ५६ झाले. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाची खात्री अधिक होती, असेही त्यांच्या पुढच्या प्रयोगात दिसले. म्हणून मी उदाहरण सोडवून दाखवते, मग तेच उदाहरण शेवटची पायरी गाळून देते, मग शेवटच्या दोन पायऱ्या गाळते आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पूर्ण लिहायला सांगते. त्या कोऱ्या कागदाशी मुलांची थोडी झटापट होते. ती होऊ द्यावी लागते.

निरंजना

माझा पुतण्या दहावीत आहे, गणितात बराच मागे पडला आहे आणि परीक्षेला थोडेच महिने उरले आहेत. इतक्या कमी वेळात स्वायत्तता, आवड हे सारे बाजूला ठेवून सरळ सराव करून घ्यावा का?

वर्गातली_मी

@निरंजनाताई, सराव करून घ्यावा, पण सर्व धड्यांचा एकदम नको. त्याच्या मागच्या दोन उत्तरपत्रिका घेऊन त्याच्यासोबत बसा आणि प्रत्येक चुकीपुढे ती कशामुळे झाली हे त्यालाच लिहायला सांगा: सूत्र आठवले नाही, प्रश्न कळला नाही, की हिशेबात चूक झाली. बहुधा असे दिसते, की पुष्कळशा चुका दोन-तीन ठिकाणांहूनच येतात, आणि 'मला गणित येत नाही' याच्या जागी 'मला वर्गसमीकरणाचे अवयव पाडता येत नाहीत' असे म्हणता येऊ लागते. मानसी यांनी वर सांगितलेली तीन वाईट कारणे इथेच सुटायला लागतात. त्यांपैकी कोणत्या ठिकाणापासून सुरुवात करायची हे त्याला निवडू द्या. तेवढी स्वायत्तता कमी वेळातही देता येते.

मानसी_वाचक

यात एकच भर घालते. तो चुकांची कारणे लिहीत असताना घरातल्या कोणीही त्या उत्तरपत्रिकेवरच्या गुणांविषयी बोलू नये, आणि शक्य असेल तर गुणांची जागा झाकूनच तिची छायाप्रत काढावी.

निरंजना

दोघींचेही आभार. उत्तरपत्रिका त्याच्याकडेच आहेत, रविवारी बसतो आणि काय दिसते ते इथे कळवते.